वाळूच्या वेळेने

आमच्या घरात एसटीचं पूर्ण तिकीट फक्त मुलाला लागतं. नातवंडं बारा वर्षांच्या आतली, त्यांचं अर्धं. सुनेचं अर्धं, कारण 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्म्या भाड्याची सवलत आहे. माझी पासष्टी उलटून गेली, त्यामुळे माझंही अर्धंच. कंडक्टरने यंत्रातून तिकिटं काढून हातात दिली की नात ती मांडीवर ओळीने मांडते आणि धाकट्याला समजावते, "बघ, आपण पाच जण आहोत, पण पैसे तिघांचेच दिले."

दारात मोटार असताना एसटीचे धक्के कशाला खायचे, असं शेजारी विचारतात. मुलगाही आधी कुरकुरत होता. तो हिशेबाचा माणूस, म्हणून एका रात्री जेवणं झाल्यावर त्यानेच कागद घेतला. एसटीची साधी गाडी लिटरभर डिझेलवर साधारण साडेचार किलोमीटर जाते. मोटार तेवढ्याच इंधनावर पंधरा-सोळा किलोमीटर धावते. नुसतं ऐकलं तर मोटारच गुणाची. पण एसटीत चाळीस माणसं असतात आणि मोटारीत चार. माणशी वाटणी केली की मोटारीतल्या माणसामागे जवळजवळ तिप्पट इंधन जळतं, आणि मोटारीत दोघंच असतील तर सहापट. शिवाय आपण बसलो नाही तरी ती एसटी जाणारच असते. एवढं मांडून झाल्यावर त्याने कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "आई, आरक्षण मी करतो."

मला मात्र एसटी आवडते ती वेगळ्याच कारणाने. मोटारीत मुलं मागच्या सीटवर असतात आणि जग काचेबाहेर. भूक लागली की गाडी थांबते, कंटाळा आला की गाणी लागतात, सगळा रस्ता आपल्या मर्जीने चालतो. एसटीत तसं नसतं. गाडी लागेपर्यंत फलाटावर उभं राहायचं. शेजारी टोपलीत कोंबडी घेऊन एखादी बाई बसली तर पाय आवरून घ्यायचे. ताम्हिणी घाटात फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर फुललेली असते, एकही पान नसलेल्या झाडावर नुसती लाल फुलं, आणि त्यांच्यावर मैनांची गर्दी. ती बघायला गाडी थांबत नाही. जेवढी दिसली तेवढी आपली. म्हणून मुलं डोळे फाडून खिडकीला लागतात. धाकट्याला घाट लागतो. त्याला पुढची खिडकीची जागा द्यायची, पोट अर्धंच भरायचं, वळणावळणाच्या रस्त्यात मोबाईल हातात द्यायचा नाही आणि आल्याची वडी चघळायला लावायची. एवढं केलं की माणगावपर्यंत तो ठीक असतो. माणगावच्या स्टँडवर उतरून तोंड धुतलं, गरम वडापाव खाल्ला की पुढच्या गाडीची वाट बघायला तयार.

मंडणगडला गाडी बदलून आम्ही जातो ते वेळासला. सावित्रीच्या खाडीच्या दक्षिणेला, बाणकोट किल्ल्याच्या पलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत बसलेलं हे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाचे गडगे, एकच मुख्य रस्ता. नाना फडणवीसांचं हे गाव म्हणून इतिहासाची पुस्तकं त्याला ओळखतात. आता मुलं त्याला ओळखतात ती कासवांमुळे.

ही ओळख आपोआप झालेली नाही. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी या किनाऱ्यावर समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करत फिरत होते. तेव्हा त्यांना वाळूत कासवांची उकरलेली घरटी आणि अंड्यांची टरफलं सापडली. ऑलिव्ह रिडले जातीच्या या कासवाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या बरोबरीचं संरक्षण दिलेलं आहे. पण कायदा कागदावर होता आणि अंडी बाजारात जात होती. माणसांच्या हातून सुटलेली घरटी कोल्ह्याकुत्र्यांच्या तावडीत सापडत. किनाऱ्यावर पहारा ठेवायचा तर तो गावातल्याच माणसांनी ठेवायला हवा, आणि त्यांनी तो ठेवायचा तर त्यांच्या घरात चार पैसे यायला हवेत. ही साधी गोष्ट त्या मंडळींनी ओळखली, म्हणून वेळासचं काम टिकलं. काही वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले. जे घरटं फोडून एकदाच पैसे मिळत होते, ते राखून दरवर्षी मिळू लागले. हळूहळू आंजर्ले आणि कोकणातल्या आणखी कितीतरी किनाऱ्यांनी ही वाट धरली, आणि आज वनखात्याबरोबर गावोगावचे कासवमित्र हे काम करतात. सहलीचा पैसा नेमका कोणाच्या हातात पडतो यावर त्या जागेचं काय होणार हे ठरतं, ही गोष्ट मला वेळासने जितकी लख्ख दाखवली तितकी दुसऱ्या कुठल्या जागेने दाखवली नाही. म्हणून कुठेही जायचं ठरलं की मी आधी विचारते, तिथे आपल्याला जेवायला कोण वाढणार आहे?

थंडी सुरू झाली की माद्या रात्री किनाऱ्यावर चढतात. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर असा खड्डा खणतात. शंभर-सव्वाशे अंडी त्यात सोडतात, खड्डा बुजवतात आणि वर अंग आपटून आपटून वाळू घट्ट करतात. मग समुद्रात निघून जातात त्या पुन्हा मागे वळून बघत नाहीत. पहाटे कासवमित्र बॅटरी न लावता किनारा चालतो. ओल्या वाळूवर तिच्या येण्याजाण्याचा माग उमटलेला असतो, त्या मागावरून तो घरटं शोधतो. अंडी हलक्या हाताने काढून जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरतो आणि तारखेची पाटी लावतो. पन्नासेक दिवस गेले की त्या जागेवर टोपली उपडी घालून ठेवतात, म्हणजे वर आलेली पिल्लं तिच्याखालीच सापडतात.

पिल्लं सकाळी सातच्या सुमाराला आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर सोडतात. पण ती वर आली असतील तर. आली नाहीत तर सोडणार काय? पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलं काळोखातच उठून तयार झाली. सुरूच्या बनातून वाट काढत किनाऱ्यावर पोहोचलो. दोरीपलीकडे शंभरेक माणसं जमली होती. कासवमित्राने एकेक टोपली उचलली, वाळू निरखली, टोपली परत ठेवली. शेवटची टोपली ठेवून तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "आज काही नाही हो. वाळू हललेली नाही. संध्याकाळी बघू."

गर्दीत नाराजी पसरली. पुण्यामुंबईहून इतक्या लांब आलो, दुपारी निघायचंय, एखादं घरटं उकरून दाखवता येणार नाही का, असंही एका गृहस्थाने विचारलं. कासवमित्राने शांतपणे सांगितलं, "साहेब, त्यांची वेळ झाली की ती येतील. आपण उकरायचं नाही." माझी नात माझ्या पदराशी उभी राहून हे सगळं ऐकत होती. मला तिच्या चेहऱ्यावर रडू दिसेल असं वाटलं होतं. ती मात्र वाळूवर बसली आणि भावाला म्हणाली, "ती आत जागी असतील का रे?" मग दोघं कितीतरी वेळ त्या वाळूकडे बघत बसले. शहरात या मुलांना सगळं बटणावर मिळतं. कार्टून हवं तेव्हा लागतं, खाऊ दहा मिनिटांत दारात येतो. कुणीतरी वाळूखाली आपल्या वेळेने वाढतंय आणि त्याला आपण घाई करू शकत नाही, हे त्यांच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदाच आलं असावं. मला तर वाटतं, कासव दिसलं नाही ती सकाळच त्या सहलीतली सगळ्यात मोलाची होती.

संध्याकाळी दोन टोपल्यांखाली वाळू हलली. तळहातावर मावेल एवढं काळपट पिल्लू, आधी नाक, मग पुढचे पाय, मग सगळं अंग. कासवमित्रांनी त्यांना टोपलीत घेतलं आणि समुद्रापासून काही अंतरावर वाळूत सोडलं. थेट पाण्यात का सोडत नाही, हा प्रश्न धाकट्याने विचारलाच. उत्तर असं की त्या वाळूवरून त्याने स्वतः चालत जायला हवं. चालताना त्याला किनाऱ्याची ओळख होते, आणि त्यातली जी मादी जगते-वाचते ती दहा-पंधरा वर्षांनी अंडी घालायला याच टापूत परत येते. हजारात एखादंच मोठं होतं, असं अभ्यासक सांगतात. पिल्लू चालतं ते उजेडाच्या दिशेने. लाखो वर्षं रात्रीच्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ जागा म्हणजे समुद्रच होता, चांदण्यात चमकणारा. त्या भरवशावर ते जन्माला येतं. आणि आपण किनाऱ्यावर रिसॉर्टचे दिवे लावतो, मोबाईलचा फ्लॅश मारतो. पिल्लू फिरतं, आणि वाट चुकून जमिनीकडे चालायला लागतं. दोरीमागे बसलेल्या सगळ्यांना मोबाईलचे दिवे बंद करायला सांगितलं होतं. नातीने बापाचा मोबाईल स्वतः घेऊन पिशवीत टाकला. त्या संध्याकाळचा आमच्याकडे एकही फोटो नाही. धाकट्याने घरी येऊन काढलेलं एक चित्र आहे. त्यात पिल्लू समुद्रापेक्षा मोठं आहे.

या कासवांबद्दल एक गोष्ट मला कळली तेव्हापासून मी प्रवासाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. अंड्यातलं पिल्लू नर होणार की मादी, हे आईबापांकडून ठरून येत नाही. अंडी पुरलेली वाळू किती तापते त्यावर ते ठरतं. वाळू तीस अंशांच्या अलीकडे राहिली तर नर अधिक, पलीकडे गेली तर माद्या अधिक, आणि फारच तापली तर पिल्लं अंड्यातच मरतात. जगभर समुद्रकिनाऱ्यांची वाळू तापते आहे. ती तापण्यामागे जो धूर आहे त्यात आपण सहलीला जाताना जाळलेल्या इंधनाचाही वाटा आहे. म्हणजे कासव बघायला आपण कसे गेलो, याचा संबंध त्या कासवाच्या पोटच्या पिढीशी आहे. पुण्याच्या सोसायटीतून निघालेली मोटार आणि वेळासच्या वाळूत पुरलेलं अंडं यांच्यामध्ये दोनशे किलोमीटरचं अंतर आहे असं आपल्याला वाटतं. तसं ते नाही. हे नातीला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली, आणि मग तिने विचारलं, "मग आपण आलोच नसतो तर?" मी तिला म्हटलं, तसं झालं असतं तर गावाला पहारा ठेवायला पैसे कुठून मिळाले असते? येणं हवंच, पण वाळूला झेपेल असं. तिला ते पटलं की नाही मला माहीत नाही. ती अजून अधूनमधून मला हे विचारते, आणि विचारत राहावं अशी माझी इच्छा आहे.

कासवं किती लांबचा प्रवास करतात याची खबर आता उपग्रहावरून मिळते. 2022 च्या जानेवारीत वेळासलाच एका मादीच्या पाठीवर यंत्र बसवून तिला समुद्रात सोडलं. पश्चिम किनाऱ्यावर असं यंत्र लावलेली ती पहिलीच, म्हणून तिचं नाव प्रथमा. त्याहून थक्क करणारी बातमी 2025 च्या जानेवारीतली. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये बिल्ला लावलेली एक मादी गुहागरला येऊन अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून दक्षिणेला वळसा घालून ती हजारो किलोमीटर पोहत आली होती. नातवंडांनी घरातल्या नकाशावर तिची वाट पेन्सिलने काढली आहे.

आम्ही उतरतो ते घर गावाच्या मध्यावर आहे. सारवलेलं अंगण, पडवीत झोपाळा, मागे विहीर. घरातल्या वहिनी पहिल्याच दिवशी मुलांना न्हाणीघर दाखवतात आणि सांगतात, "अंघोळीला एकेक बादली हो बाळांनो." कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. पडलेलं पाणी झिरपतं आणि उतारावरून समुद्राला मिळतं. शॉवरखाली उभं राहून पंधरा मिनिटं अंघोळ करणारा पाहुणा कुठलं पाणी वापरतो? पावसाळ्यापर्यंत त्या घराला पुरवायचं असलेलंच की! पाणी तापतं ते नारळाच्या सोडणांवर आणि वाळलेल्या चुडतांवर. मुलांना या विस्तवापुढे बसायला फार आवडतं. जेवायला नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वालाची उसळ, सोलकढी आणि एखाद्या दिवशी उकडीचे मोदक. मुलांनी पहिल्या दिवशी नूडल्स मागितल्या होत्या. वहिनींनी घावन केले, त्यावर नारळाचं गोड दूध ओतलं, आणि पुन्हा नूडल्सचं नाव निघालं नाही. तिथे पिकतं ते तिथेच खाल्लं की किती ट्रक आणि किती पाकिटं वाचतात याचा हिशेब मुलाने काढायला हवा. मी फक्त चव सांगू शकते.

आम्ही पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या नेतो, लाडू-चिवड्याचे डबे नेतो, आणि जे रिकामं पाकीट निघतं ते पुण्याला परत आणतो, कारण वेळाससारख्या गावात कचरा उचलायला महापालिकेची गाडी येत नाही. यात मोठेपणाचं काही नाही, हे आमच्या आईच्या पिढीत सगळेच करत. त्या वेळी डब्याशिवाय कोणी स्टेशनवर पाऊल टाकत नसे.

एक गोष्ट मात्र बघवत नाही. कोकणच्या किनाऱ्यांवर लोक थेट वाळूत मोटारी घालतात. पाण्याच्या कडेने गाडी पळवायची, फेस उडवायचा, त्याचा व्हिडिओ काढायचा. पोरं मागच्या सीटवरून टाळ्या वाजवतात. भरतीत गाडी रुतली की गावकऱ्यांनी दोर बांधून ओढायची. ज्या वाळूवरून ते टायर जातात तिच्यात घरटी असतात, खेकड्यांची बिळं असतात, किनाऱ्यावर वावरणारे पक्षी असतात. मोटारीने दाबून टणक झालेल्या वाळूतून पिल्लाला वर येता येत नाही, आणि आलं तरी टायरच्या खोल चाकोरीत अडकून पडतं. अशा बापाला मी एकदा थांबवून बोलले आहे. त्याने ऐकून घेतलं आणि गाडी वर काढली. बहुतेक माणसं ऐकतात, पण त्यांना कुणीतरी सांगायला हवं. आणि ते गावच्या माणसावर सोडू नये. पाहुण्याला टोकणं त्याला जड जातं, त्याची रोजी-रोटी त्यावर असते. आपणच पाहुणे आहोत, आपण आपल्यातल्याला सांगावं.

परतताना आम्ही वेसवीहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडतो आणि बागमांडल्याला उतरतो. तिथून हरिहरेश्वर जवळ आहे, आणि श्रीवर्धनमार्गे माणगावला एसटी मिळते. फेरीबोटीत मोटारी खाली आणि माणसं वर कठड्याशी. वारा इतका असतो की बोलणं ऐकू येत नाही. धाकट्याने विचारलं, ही नदी कुठून येते? महाबळेश्वरहून, मी म्हटलं. त्याचा विश्वास बसेना, कारण महाबळेश्वर म्हणजे स्ट्रॉबेरी आणि थंडी, तिथलं पाणी इथे कसं येईल? मग आम्ही खाडीच्या वरच्या अंगाला सरकत जाणारे डोंगर दाखवत त्याला सांगितलं, पोलादपूर, महाड, मग ही खाडी. सह्याद्रीच्या एका कड्यावरून निघालेलं पाणी आपल्या बोटीखालून समुद्राला जातंय, हे त्याला त्या वेळी दिसलं. पूल असता तर आपण दोन मिनिटांत पलीकडे गेलो असतो आणि हे बोलणं झालंच नसतं.

लहान बाळ असलेल्या, आजारी म्हाताऱ्यांना घेऊन निघालेल्या घरांना एसटी बदलत जाणं जमत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी भाची डोंबिवलीहून येते, तिचं बाळ अजून मांडीवर आहे. ती कोकण रेल्वेने माणगावपर्यंत येते, पुढे दोन घरं मिळून एक जीप करतात. रेल्वेचा तो सगळा मार्ग 2022 पासून विजेवर चालतो. ज्यांना मोटारच न्यायची आहे त्यांनी ती भरून न्यावी, गावाच्या वेशीशी लावावी आणि मग परत निघेपर्यंत तिला हात लावू नये. आणि दोन दिवसांत तीन ठिकाणं उरकण्यापेक्षा एकाच ठिकाणी चार दिवस राहावं. मला विचाराल तर सगळ्यांत मोठी बचत यातच आहे, इंधनाचीही आणि मुलांच्या मनाचीही. चार दिवस राहिलं की गावातली कुत्री ओळखायला लागतात, दुकानदार नावाने हाक मारतो, मुलं दुपारी वाडीत शिंपणं करायला धावतात. जागा बघून होते तेव्हा ती जागा कळायला सुरुवात होते. आपण नेमके त्याच क्षणी निघत असतो.

या उन्हाळ्यात मुलांना काजवे बघायचे होते. भंडारदऱ्याच्या परिसरात, अकोले तालुक्यात, पावसाआधीच्या दिवसांत झाडंच्या झाडं एकदम उजळतात आणि एकदम विझतात. मी ती तरुणपणी पाहिली आहेत. पण आता जूनच्या शनिवार-रविवारी त्या रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागतात. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद. प्रत्येक जातीची तिची तिची लय असते. हेडलाइटच्या झोतात ती साद बुडून जाते. अळी म्हणून कितीतरी महिने ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढायचे आणि पंख फुटल्यावर दोन-तीन आठवडे मिळायचे, एवढंच त्यांचं आयुष्य. त्यातल्या रात्री आपण दिवे लावून वाया घालवायच्या का? काही माद्या गवतात, पानांवर बसलेल्या असतात. काळोखात वाट सोडून चालणाऱ्यांच्या चपलेखाली त्या जातात. वनखात्याने रात्रीच्या प्रवेशावर बंधनं घातली आहेत ती योग्यच आहेत.

मी नातीला म्हटलं, काजवे बघायला भंडारदराच कशाला हवा? माझं माहेर भोरच्या पुढे हिरडस मावळात आहे. तिथे ओढ्याकाठच्या जांभळींवर आणि आंब्यांवर ते दरवर्षी येतात. त्यांचा महोत्सव कुणी भरवत नाही. माझे भाऊ-भावजय अजून तिथे आहेत. दोन खोल्या, अंगणात बाजा, आणि रात्री जेवणानंतर दिवे मालवून गप्पा मारायची जुनी रीत. मी भावाला फोन लावला. त्याला आनंद झालाच, पण त्याच्या डोक्यात कामाची गोष्ट आधी आली. मुलांना चप्पल नको, बूट घालून आण, कारण पावसाआधी साप-विंचू बाहेर निघतात. बॅटरीला तांबडा कागद लावून आण. आणि शनिवारी येऊ नका, मंगळवारी या, तेव्हा धरणाच्या बाजूला गाड्या नसतात. तांदूळ संपत आलाय, म्हणून येताना भोरच्या बाजारातून इंद्रायणी घेऊन या. मी म्हटलं, मोटारीने यायचा विचार नाही, एसटीनेच येऊ. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग ताई, एकच कर. भोरहून मुक्कामाची गाडी संध्याकाळी सुटते, ती रात्री इथेच राहते आणि ड्रायव्हर-कंडक्टर आपल्या देवळात झोपतात. तीच धरा. ती चुकली की सकाळपर्यंत दुसरी नाही."